कोरी राहिलेली जागा

लिहिण्याचा मला काही अधिकार नाही, म्हणून आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच. आजवर लिहिलं ते परीक्षेपुरतं. शिवाय ही गोष्ट माझी नाही, माझ्या काकीची आहे. लिहू का, असं तिला विचारलं तर म्हणाली, "लिव्ह की. पर उगं वाढवून लिवू नगंस." तेवढं सांभाळायचा प्रयत्न करतो.

वडूजजवळच्या आमच्या गावात बहुतेक घरांतला एकजण तरी फौजेत आहे. माझा चुलता मात्र मालवाहू जहाजावर गेला. दुष्काळी भागातला माणूस पाण्यावर नोकरी करतो, म्हणून गावात त्याची चेष्टा व्हायची. एका वादळात तो जहाजावरून समुद्रात पडला आणि सापडला नाही. फौजेतला माणूस गेला तर तिरंग्यात घरी येतो, अख्खं गाव जमतं. आमच्याकडे काहीच आलं नाही. काकीनं कुंकू पुसलं नाही, आणि पुस म्हणायची कुणाची छाती झाली नाही.

गेल्या वर्षी कोकणातून फोन आला. समुद्रात गेलेल्या खलाशांसाठी तिथं किनाऱ्यालगत एक स्मृतिमार्ग बांधला होता. दगडावर नावं कोरली होती. घरच्यांनी हो म्हटलं तर चुलत्याचंही नाव कोरणार होते. वडील लगेच हो म्हणणार होते. काकी म्हणाली, "आदी जागा बघती. मग सांगती."

तिच्यासोबत मी गेलो. कराडवरून एसटीनं कुंभार्ली घाट उतरलो. काकीच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत घरच्या विहिरीच्या पाण्याची बाटली आणि फडक्यात बांधलेली भाकरी.

जागा फार सुंदर होती. एका बाजूला जांभ्या दगडाची भिंत, तिच्यात बसवलेले नावांचे काळे दगड, दुसऱ्या बाजूला कठडा आणि खाली निळा समुद्र. पोरंपोरी कठड्याला टेकून फोटो काढत होती. वाटेच्या तोंडाशीच काकीनं चपला काढल्या. तिथला राखणदार धावत आला.

"मावशी, चपला घाला. लादी तापलीय, पाय भाजतील."

"भाजू द्या. हितं मानसं झोपल्यात."

थोड्या वेळानं त्यानंही आपल्या चपला बाजूला काढून ठेवल्या. भिंतीतल्या शेवटच्या काळ्या दगडापाशी त्यानं आम्हाला नेलं. शेवटच्या नावाखाली हातभर जागा कोरी होती. काकीनं तिथं तळवा टेकवला आणि बराच वेळ उचलला नाही.

मग तिनं बाटली काढली. राखणदार हसून म्हणाला, "एवढा समुद्र समोर असताना पाणी घरनं आणलंत?"

"तुमचं पानी लय हाय, दादा. पर त्यातला एक घोट तरी पिता येतोय का?"

आमच्याकडे सुट्टीवर आलेल्या माणसाला तसंच घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर थांबवून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकतात, पायावर पाणी घालतात, मग तो आत येतो. चुलता आला की काकी हे करायची. आता तिनं तुकडा मोडला, दगडावरून ओवाळला आणि बाटलीचं टोपण काढलं. तिथं तिचा हात थांबला.

"तू शिकलायस. सांग मला, वतू का?"

मला कळलं ती काय विचारते आहे. पाणी घातलं म्हणजे तो आला. या दगडापाशी आला म्हणजे घरी कधीच येणार नाही. तिनं टोपण परत लावलं. तुकडा फेकला नाही, पदराच्या टोकाला बांधला.

"नाव कोरायचं ना?" राखणदारानं हळूच विचारलं.

"आजून न्हाई."

परतीची एसटी घाट चढून वर आली. मग काकी खिडकीकडं तोंड करूनच म्हणाली, "कुंकवाचं मला काय न्हाई रं. गावानं ठराव केलाय, नवरा गेला तरी आता कुनाचं पुसायचं न्हाई म्हनून. पर नाव लिवलं की मी कुनाची वाट बघायची? सकाळी उठून करायचं काय?"

याचं उत्तर कुठल्या पुस्तकात आहे का, मला माहीत नाही.

मी साताऱ्याला हॉस्टेलवर परतलो. घरी फोन केला की काकीची चौकशी करायचो, पण नावाचा विषय काढायचा धीर होत नव्हता. वडिलांनीही तिला पुन्हा विचारलं नाही. असे कितीतरी महिने गेले.

काल दुपारी आईचा फोन आला. आवाज दबका होता.

"तुज्या काकीनं मागच्या आटवड्यात सोताच कोकनात फोन करून नाव कोरा म्हनून सांगितलं. आमाला कुनाला बोलली न्हाई. आज त्यांनी नावाचा फोटू पाठवला."

"काकी कुठाय?"

"झोपलीया. फोटू बघितला आन् तशीच आडवी झाली. तवाधरनं गाढ झोपलीया. तुजा चुलता गेल्यापासनं पयल्यांदाच अशी झोपली. हळू बोल."