टबातली पहाट

शहागडला गोदावरीकाठी वाढलेल्या भावनानं पीएच.डी.ला विषय घेतला तो खेकड्यांचाच. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानावर तिच्या दोन खोल्या होत्या, आणि गॅलरीत टबांमध्ये खेकडे. आई वारल्यावर वडील साहेबरावही तिच्याकडेच राहायला आले.

वाढायचं तर खेकड्याला जुनं कवच टाकावं लागतं. पण त्याच्या डोळ्यांच्या देठांत एक संप्रेरक तयार होतं, ते त्याला थांबवून धरतं. देठ कापले की अडवणारं कुणी उरत नाही, खेकडा घाईनं कवच टाकतो. भावनाचा प्रयोग हाच होता. पहिल्या टबातल्या खेकड्यांनी कवचं टाकली, पण बरेचसे त्यातच मेले.

साहेबरावांनी एकदा इतकंच विचारलं, "डोळे काढल्याबिगर कळनारच न्हाई का?"

भावना टबातले मेलेले खेकडे वेचून काढत राहिली.

दुसऱ्या टबातल्या मादीला तिनं अजून हात लावला नव्हता. त्या मादीनं खाणं सोडलं, खापराखाली जाऊन बसली. एका पहाटे साहेबरावांनी लेकीला हलकेच उठवलं. कवचाला मागून फट पडली होती आणि तीतून मादी मागं मागं सरत बाहेर येत होती. पाय, नांग्या, सगळं सायीसारखं मऊ. डोळेसुद्धा तिनं जुन्या डोळ्यांतून अलगद ओढून घेतले. गल्लीत अजून एकही शटर उघडलं नव्हतं. आपणही पाण्याखालीच बसलोय, असं भावनाला वाटत राहिलं. टबात आता दोन खेकडे दिसत होते, त्यातला एक रिकामा.

"जिंदगीभर खेकडे धरले, पर हे कधी पाह्यलं न्हवतं," साहेबराव म्हणाले. "बिळात कोंडून घेतेत, मंग दिसनार कसं."

त्याच दिवशी भावनानं मार्गदर्शक सोमेश्वर सरांना सांगितलं, की आता देठ कापणार नाही. पाण्याचा गारवा आणि उजेड बदलून, धडधाकट खेकडे कवच कधी टाकतात ते पाहीन. वेळ फार लागेल, सरांनी समजावलं. तसंच झालं. बरोबरीच्या मैत्रिणी कॉलेजात कायम झाल्या, ही तासिका तत्त्वावरच शिकवत राहिली. त्याचं वाईट वाटायचं. पण दुपारी ओल्या गोणपाटाच्या सावलीत टबाशी बसलं, की कॉलेज, पगार, सगळं दूर कुठंतरी राहायचं.

अखेर प्रबंध मान्य झाला. सोपी पद्धत का सोडली, असं परीक्षकांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "सर, मला आपणहून बदलणारा खेकडा पाहायचा होता."

रविवारी बापलेक टबांतले खेकडे बादलीत घेऊन एसटीनं शहागडला गेले. साहेबरावांनी बादली नदीत कलती केली. खेकडे जरा थबकले आणि गाळात दिसेनासे झाले. भावना चपला काढून पाण्यात पाय सोडून बसली. दुपार कलली तरी दोघांपैकी कुणी उठलं नाही.