अमेरिकेच्या दुधासाठी वाकडी केलेली मान

आमच्या भालकीत त्या काळी पोराचं वय कानावरून ठरायचं. शाळेत घालायला आणलेल्या पोरानं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायचा. धरता आला तर पोर सहा वर्षांचं, नाही आला तर पुढच्या वर्षी या. कान धरला की गुरुजी रजिस्टरात जन्मतारीख लिहायचे, एक जून. सगळ्यांचीच एक जून. आमच्या वर्गावरून मी कितीतरी वर्षं समजत होतो की माणसं फक्त एक जूनलाच जन्मतात आणि उरलेलं वर्ष बायका मोकळ्या असतात.

मी चार वर्षांचा असताना अण्णा, माझा थोरला भाऊ, रोज शाळेतून ओठावर पांढरी मिशी घेऊन घरी यायचा. शाळेत दूध मिळायचं. अमेरिकेहून भुकटी यायची, ती मोठ्या पातेल्यात गरम पाण्यात कालवून पोरांना वाटायचे. अण्णा ती मिशी मुद्दाम पुसायचा नाही. एका जूनमध्ये मी त्याच्या मागोमाग गेलो आणि नव्या पोरांच्या रांगेत उभा राहिलो. नंबर आला तेव्हा हात डोक्यावरून नेला. माझे हात मुळात लांब, तरी बोटं कानाच्या दोन बोटं वर अडकली. मग मी मान उजवीकडे कलती केली. कान आपणहून वर आला आणि बोटात सापडला. गुरुजींनी एकदा माझ्याकडे बघितलं, अण्णाला अप्पांचं, आमच्या वडिलांचं, नाव विचारलं आणि लिहून घेतलं. त्या दुपारी मला मिशी आली. अप्पांना कळलं तेव्हा ते आपल्या अडत दुकानात तुरीच्या ढिगापाशी होते. बरं झालं, घरातला दंगा कमी झाला, एवढंच म्हणाले.

अशी मी चौथ्या वर्षी सहा वर्षं पुरी केली. खरी जन्मनोंद कुठंच नव्हती. माय बाळंतपणाला माहेरी उदगीरला गेली होती. उदगीर महाराष्ट्रात, भालकी तेव्हा म्हैसूर राज्यात. आजोबांना वाटलं, पोर म्हैसूरचं, नोंद जावई करतील. अप्पांना वाटलं, जन्म तिकडचा, नोंद सासरे करतील. दोन्ही राज्यांनी एकमेकांच्या भरवशावर मला सोडून दिलं. कोणी चौकशी केली नाही, आणि मलाही काही कमी पडल्यासारखं वाटलं नाही.

माझे काका, अप्पांचे धाकटे भाऊ, इंजिनियर होऊन अमेरिकेला गेले ते तिकडचेच नागरिक झाले. काकू गुलबर्ग्याची. त्यांना मूल नव्हतं. म्हैसूरचं कर्नाटक झालं त्यानंतर दोनेक वर्षांनी ते दोघं आले आणि अप्पांकडं एक मुलगा मागितला. अप्पांना मुलगे तीन. अण्णा दुकानात मुरलेला, धाकटा मायच्या पदराला. मधला मी, सातवीला दोनदा बसलेला. घरात जास्तीची असलेली वस्तू माणूस मोठ्या मनानं देतो, तसं अप्पांनी मला दिलं. मी तेरा वर्षांचा होतो. अमेरिका म्हटल्यावर मी जेवणसुद्धा सोडलं असतं.

आमच्यात दत्तकाला होम नसतो. मठाचे स्वामी आले, अप्पांनी आणि मायनं माझा हात धरून काका-काकूंच्या हातात दिला आणि मला काकूच्या मांडीवर बसवलं. काकू किडमिडी, माझे पाय जमिनीला टेकत होते, तरी स्वामींचं बोलणं संपेपर्यंत तिच्या पायाला मुंग्या आल्या. तिनं मला उतरू दिलं नाही. गल्लीत साखर वाटली. वकिलानं दत्तकपत्र केलं, वय तेरा, अप्पांनी सांगितलं तसं.

मग गुलबर्ग्याच्या एका मोठ्या वकिलानं तिकडचा कायदा समजावून सांगितला. दत्तक मुलाला अमेरिकेत बोलावता येतं. पण मूल चौदाच्या आत घेतलेलं पाहिजे, आणि दत्तक आई किंवा बाप त्याच्याबरोबर दोन वर्षं राहिलेला पाहिजे. आता गंमत बघा. मला तिकडं जाता येत नव्हतं कारण मी त्यांच्याजवळ राहिलो नव्हतो, आणि त्यांच्याजवळ राहता येत नव्हतं कारण मला तिकडं जाता येत नव्हतं. काकांना नोकरी सोडता येईना. काकू म्हणाली, मी राहते. आणि खरंच, आपलं घर, मोटार, नवरा तिकडं सोडून ती भालकीत आमच्याच गल्लीत, अप्पांच्या दारासमोर, दोन खोल्या घेऊन राहिली. वकिलानं बजावलं होतं की घर वेगळं पाहिजे आणि पोरगा जन्मदात्यांकडं जेवताना कोणाला दिसता कामा नये. उद्या चौकशी आली तर शेजारीच साक्षीदार.

त्या दोन वर्षांत माझ्या जन्मघराचं आणि माझं अंतर अठरा पावलं होतं. मी मोजली होती, कारण दुसरं काही करायला नव्हतं. दुकानात बसायचं नाही, मी आता त्या घरचा नाही. पुढच्या शिक्षणाची गोष्ट काढायची नाही, पोरगं तर जाणारच आहे. गल्लीतली पोरं मला क्रिकेटमध्ये घेईनाशी झाली. तू मध्येच जाशील, म्हणायची, आमचा गडी कमी पडेल. मायकडं गेलो तर ती उभी राहायची. बस म्हणायची, आणि फळीवरून पाहुण्यांची कपबशी काढायची. आमच्या घरी आपली माणसं पितळी पेल्यातून चहा प्यायची, कपबशी फक्त परक्याला. दिलेलं पोर घरी आलं की पाहुणा, ही रीत. मायनं रीत सोडली नाही. मी बशीत ओतून फुर्र करून प्यायचो, म्हणजे तिला ओळख पटेल.

काकूचे हाल तर याहून जास्त. तिकडं बर्फात घालायचा तिचा कोट खुंटीला टांगलेला असायचा. एप्रिलच्या उन्हात बायका येऊन तो चाचपून बघायच्या आणि विचारायच्या, नवऱ्यानं टाकलं का? काकू हसून म्हणायची, न्हाई, पोरगं घ्यायला आलाव. पाण्याला घागर घेऊन ती रांगेत उभी राहायची. दर काही महिन्यांनी फोटोग्राफर बोलवायची, पुराव्यासाठी. मी जेवतोय आणि ती वाढतेय असा फोटो. फोटोग्राफर म्हणायचा, भाजीमुळं ताट काळं येतं. म्हणून ताट रिकामं ठेवायचो. ते सगळे फोटो बघून कोणीही म्हटलं असतं की ह्या बाईनं पोराला दोन वर्षं उपाशी ठेवलं.

एक मात्र तिनं सक्त सांगितलं होतं. मायच्या कानावर पडेल असं मला आई म्हणायचं नाही. मद्रासला म्हण, म्हणाली. अमेरिकेची कचेरी मद्रासला होती, मुलाखत तिथं.

दोन वर्षं संपायला सहा-सात महिने राहिले असताना मी दहावी पास झालो. शाळेचा दाखला हातात आला. त्यात जन्मतारीख वाचली आणि मी बोटांवर हिशेब केला. दत्तक दिलं त्या दिवशी मी दाखल्याप्रमाणं पंधरा पुरे केलेला होतो. तिकडचा कायदा चौदा म्हणतो. इकडचा पंधराच्या पुढचं मूल दत्तक देताच येत नाही म्हणतो. म्हणजे ती मांडी, ती साखर, तो खुंटीवरचा कोट, सगळं एका वाकड्या मानेवर उभं होतं. आणि मद्रासला हाच दाखला मागणार होते, कारण दुसरा जन्माचा कागद मला नव्हता.

इथं शहाणा पोरगा काय करतो? घरी जाऊन सांगतो. मी दाखला पुस्तकात घातला आणि काकूला सांगितलं, अजून मिळाला नाही. तिनं त्या दिवशी मला आवडतात म्हणून शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या. पोळी खाताना कसं सांगायचं, असा मी विचार केला. मग रोजच काहीतरी खायला असायचं.

गुरुजी निवृत्त होऊन राजेश्वरला राहायला गेले होते. मी कोणाला न सांगता बसनं गेलो. ते अंगणात बाजेवर पडले होते. मी सगळं सांगितलं आणि पाया पडून म्हटलं की तारीख चुकीची लिहिली असं कोर्टात येऊन सांगा, दुरुस्त होते.

ते उठून बसले. म्हणाले, "मान वाकडी केलतास तू. मी बघितलो की."

"मग लिहिलात कामून?"

"दुधाच्या पातेल्याकडं बघायलतास. म्हटलं, असू दे, पिईल लेकरू."

मी म्हटलं, तेवढंच कोर्टात सांगा. गुरुजी म्हणाले, "तुझी एक तारीख खोटी म्हटलो, तर बाकीच्यांच्या खऱ्या कशा म्हणू? माझ्या हातच्या एक जूनवर दोघं तलाठी झालेत. एक पोलिसात हाय. एक तर त्या कोर्टातच कारकून हाय बाबा. कोणाकोणाला घरी बसवू?"

त्यांच्या बायकोनं मला ताक दिलं. निघताना गुरुजी दारापर्यंत आले, पण माझ्याकडं बघितलं नाही. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला तो कानाचा.

मी परत आलो आणि तरी सांगितलं नाही. आता यापुढं माझा अडाणीपणा असा की मला वाटलं, गोरा साहेब आहे, एवढा हिशेब कशाला करत बसेल. दोन वर्षं पुरी झाली, मी दाखला आजच मिळाला म्हणून काकूच्या हातात दिला. ती कोटाची बटणं शिवत होती. तिनं न वाचता तो फोटोंच्या खाली ठेवला. तिला वाचायचं काय होतं? माझं वय तिला मांडीवर कळलं होतं.

गुलबर्ग्याहून गाडीनं मद्रासला गेलो. कचेरीत खिडकीपलीकडं एक साहेब आणि त्याच्याशेजारी दुभाषी बाई. साहेबानं आधी मला विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आई. इतक्या सहज म्हटलं की काकूनं मागं वळून बघितलं, माय कुठून आली म्हणून. मग तिला कळलं. ती नुसती खिडकीची कड धरून उभी राहिली.

साहेबानं फोटो एकेक करून बघितले, रिकाम्या ताटांसकट. रेशनकार्ड बघितलं. हसला. मला वाटलं, सुटलो. मग त्यानं खालचा दाखला काढला, दत्तकपत्र शेजारी ठेवलं आणि पेन्सिल घेतली. हिशेब त्यानं केलाच. दुभाषी बाई म्हणाली, दत्तक घेतलं तेव्हा मुलगा पंधरा पूर्ण होता, या कागदाप्रमाणं तो यांचा मुलगा धरता येत नाही. काकू म्हणाली, तो तेरा वर्षांचा होता, मी शपथेवर सांगते. साहेबानं विचारलं, जन्माचा दुसरा कागद आहे का? तो आवाजानं भला माणूस होता. त्यानं फाईल दोन्ही हातांनी परत दिली.

परतीच्या गाडीत बसलो. रायचूर मागं पडलं, चांगलं ऊन आलं, समोरच्या कुटुंबानं डबे उघडले. मी तिथं तिला सगळं सांगितलं. दूध, मान, पुस्तकातला दाखला, गुरुजी. सांगताना मी तिच्या चपलांकडं बघत होतो. दोन वर्षांत त्या आमच्या मातीच्या रंगाच्या झाल्या होत्या.

ती म्हणाली, "दाखव."

"काय?"

"कसा धरलास ते दाखव."

मी भर डब्यात उजवा हात डोक्यावरून नेला आणि मान कलती केली. आता हात कान ओलांडून हनुवटीपर्यंत पोचत होता, मान वाकडी करायची काही गरज नव्हती, तरी केली. समोरच्यांचे घास थांबले. काकूनं नीट बघून घेतलं. मग विचारलं, "दूध तरी चांगलं होतं का रे?"

"न्हाई," मी म्हटलं. "करपट वास यायचा."

ती हसायला लागली, आणि वाडी जंक्शन येईपर्यंत तिला ते थांबवता आलं नाही. पदर तोंडात धरला तरी खांदे हलतच होते. समोरच्या म्हातारीनं मला विचारलं, तुझी आई रडायलीय का हसायलीय?

काही आठवड्यांनी ती गेली. काका तिकडं दोन वर्षं एकटे होते, तिला जाणं भाग होतं. तारखेसाठी कोर्टात अर्ज टाकला तो तारखांवर तारखा खात मी चांगला मिशावाला होईपर्यंत चालला, आणि मूल म्हणून जाण्याचं वय कागदावरही संपलं, खरंही संपलं. अप्पांनी घरी ये म्हटलं. पण साखर गल्लीनं खाल्ली होती. दुकान पुढं अण्णाच्या आणि धाकट्याच्या नावावर झालं तेव्हा माझं नाव कोणी काढलं नाही, मीही काढलं नाही. अमेरिकेच्या कागदात मी काकूचा नाही, भालकीच्या तोंडात मी मायचा नाही. मी त्याच दोन खोल्यांत राहिलो आणि पुढं एका गिरणीत डाळीची पोती मोजायला लागलो. खुंटी अजून आहे.

काकूची पत्रं यायची. ती गेल्याच्या पुढच्या वर्षी तिकडून येणाऱ्या कोणाबरोबर तिनं एक खोकं पाठवलं. आत दुधाच्या भुकटीचे दोन डबे आणि एक चिठ्ठी: "प्यायचं. मान सरळ ठेवून." खाली सही नव्हती. काकू लिहावं की दुसरं काही, हे तिला ठरवता आलं नसावं.

एक डबा मी मायला नेऊन दिला. तिनं झाकण काढून वास घेतला, चांगला आहे म्हणाली, आणि त्याच दुधाचा चहा टाकला. मी उंबऱ्याजवळ बसून बघत होतो. चहा गाळताना तिचा हात पितळी पेल्याकडं गेला आणि थोडा वेळ तिथंच राहिला. मग तिनं फळीवरची कपबशी काढली, पदरानं पुसली आणि माझ्यापुढं ठेवली. मी बशीत ओतला.