कुलूपताईची किल्ली

वीज कंपनीत तिला सगळे कुलूपताई म्हणत, आणि ते कौतुकानं म्हणतात अशा भ्रमात ती कधीच नव्हती. घरोघरच्या नव्या मीटरांमधून दिवसभर विजेचे आकडे निघत आणि हवेतून थेट ऑफिसात येत. वाटेत ते कुणाला वाचता येऊ नयेत म्हणून त्यांना सांकेतिक कुलपं घालायची, हे तिचं काम. उरलेला दिवस माणसांशी डोकं फोडण्यात जाई. कुणी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून कॉम्प्युटरलाच चिकटवी, कुणी तो पलीकडच्या टेबलाला ओरडून सांगे. "अहो, मग दारावर पाटीच लावा ना!" ती वैतागे. लोक हसत आणि पुन्हा तेच करत. पालथ्या घड्यावर पाणी.

एका संध्याकाळी ती धाकट्या बहिणीकडे गेली. नवरा सोडून गेल्यापासून धाकटी त्याच भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर एकटी राहत होती. घरात मिट्ट काळोख. ताई परत फिरणार, तोच दार उघडलं.

"अगं, दिवे का नाही लावलेस?"

"घरी असले की लावत नाही. बाहेर जाताना लावून जाते."

हिचं डोकं फिरलं की काय, असं ताईला वाटलं. मग धाकटीनं सांगितलं. मीटर अजून नवऱ्याच्याच नावावर होतं, त्यामुळे घरात कधी किती वीज लागते, ते कंपनीच्या ॲपवरून त्याला फोनवर दिसे. सकाळी त्याचा मेसेज येई, आज गीझर उशिरा लागला, बरं नाही का? रविवारी विचारी, एवढा वेळ एसी चालू, कोण आलं होतं?

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं साऱ्या जगाच्या चोरांसाठी कुलपं घातली होती, आणि हा गृहस्थ किल्ली खिशात घालून बसला होता!

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढे उभी राहिली. "त्याला ते आकडे दिसणं बंद करा."

"खातेदाराची संमती लागेल."

"म्हणजे चोराला विचारून चोरी थांबवायची?"

"चोर कसला हो, ग्राहक आहे तो."

तिनं कपाळावर हात मारला. मग एकच वाट उरली. घरमालकिणीची परवानगी घेऊन धाकटीच्या नावावर नवं मीटर बसवायचं. त्यातही कधी सही राहिली, कधी मीटरं संपली, कधी साहेबच रजेवर. ताई ज्याच्या त्याच्याशी भांडली.

तोवर जीव मात्र धाकटीत अडकलेला. कुठल्याही मीटरचे आकडे नीट येतात का, हे तपासायची तिला मुभा होती. जेवायला उठण्याआधी ती धाकटीचं मीटर उघडून बघू लागली. बरी आहे ना, एवढंच. आणि एकदा फोनवर बोलता बोलता तोंडातून निसटलं, "काल किती उशिरापर्यंत जागी होतीस गं! तब्येत सांभाळ."

"तुला कसं कळलं?"

"अगं, काळजीपोटी बघते मी."

"तोही हेच म्हणतो," धाकटी म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

ताईला आधी संताप आला. हिच्यासाठी मी अख्ख्या ऑफिसशी वैर घेतलं, आणि मलाच ऐकवते? मग मात्र तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कुंपणच शेत खातं, असं ती ऑफिसात ऊठसूट सगळ्यांना सुनावत असे.

अखेर मीटर आलं. वायरमननं ते बसवलं आणि विचारलं, "ॲप कुणाच्या फोनवर जोडू?"

ताईचा हात सवयीनं पर्सकडे गेला.

"माझ्या," धाकटी म्हणाली. "फक्त माझ्या." मग ताईकडे वळून, "आणि तुझ्या ऑफिसात?"

"तुझं मीटर तपासायचं काम दुसऱ्याकडे सोपवलंय. मला आता उघडता येत नाही."

खोल्याखोल्यांतून फिरत धाकटीनं एकेक दिवा लावला.

चहा पिऊन ताई खाली आली. रस्त्यावर पोचल्यावर तिला वाटलं, एकदा वर बघावं, दिवे चालू आहेत ना? मान वळायलाच लागली होती. "जळ्ळी मेली खोड!" असं पुटपुटत तिनं मान खाली घातली आणि मागं न बघता चालू लागली.