न पाजलेलं औषध

लढाई नुकतीच संपली होती. वाईवरून पुण्याला जाणाऱ्या मोटारीत मी साताऱ्याला बसलो. समोरच्या बाकावर पिकल्या मिशांचे एक पोलीस हवालदार होते. ब्रह्मदेशातून परतलेल्या रहिमतपूरच्या एका तरुण जवानाला ते मॅजिस्ट्रेटच्या हुकमानं वेड्यांच्या इस्पितळात पोचवायला निघाले होते. सोबत जवानाचा थोरला भाऊ होता. गाडीनं हिसका दिला, की हवालदार जवानाच्या डोक्यामागं आपला पंजा धरत.

मध्येच जवान जोरात ओरडला. उतारू घाबरले. भावानं डॉक्टरांनी दिलेली बाटली काढली. "हवालदारसाहेब, तुमी हात धरा. मी नाक दाबून वततो."

"हुकूम ह्याला न्यायचा हाय, पाजायचा न्हाई," हवालदार म्हणाले आणि जवानाकडं वळले. "झोपंचं औषध हाय. घेतोस का रं गड्या?"

कित्येक दिवसांत त्याला कुणी काही विचारलं नसावं. तो त्यांच्याकडं वळून म्हणाला,

"नगं. झोपलो की मेलेली मानसं दिसत्यात."

"मग जागा ऱ्हा. मीबी जागाच हाय."

मग हवालदार त्याला घरच्या बैलांविषयी विचारत राहिले. हळूहळू तो बोलायला लागला. एका मारक्या खोंडाची गोष्ट सांगताना हसलासुद्धा. भावानं तोंड फिरवून डोळे पुसले.

वाईला उतरताना मी हवालदारांना हळूच विचारलं, "आणि तो आवरला नसता तर?"

"धरला असता की," ते म्हणाले. "पन त्याच्या आदी इचारायला काय जातंय?"