शेगडी ग्रुपचा मॅनेजर

इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमध्ये राहणाऱ्या स्वानंद पेंढारकरला अमेरिकेतल्या एका बेसबॉल क्लबची जेवढी काळजी होती, तेवढी त्या क्लबच्या मालकालाही नसावी. मालक नोव्हेंबरात कुठेतरी उन्हात पाय पसरून पडलेला असणार. स्वानंद मात्र रविवारी सकाळी, समोर पोहे निवत असताना, फोन बघून कपाळ बडवून घेत होता. क्लबने एका पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, पाच वर्षांच्या करारावर घेतलं होतं आणि त्याबद्दल स्वानंदला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं.

"तेहेतीस वर्षांचा घोडा आहे तो! खांद्याचं ऑपरेशन झालंय! कोण बसवतं यांना ऑफिसात?"

"पोहे खा," शिल्पा म्हणाली. त्याची बायको कौन्सिलच्या हाउसिंग विभागात काम करते. आठवडाभर खऱ्या माणसांच्या खऱ्या अडचणी ऐकून तिचे कान किटलेले असतात, त्यामुळे अमेरिकेतल्या खांद्याचं तिला सोयरसुतक नव्हतं.

क्लबचं नाव इथे देण्यात अर्थ नाही, त्या बिचाऱ्यांनी कुणाचं काही वाईट केलेलं नाही. बारा वर्षांपूर्वी पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीने तिघांना ओहायोत क्लायंटकडे धाडलं होतं: स्वानंद, नागपूरचा अपूर्व देशकर आणि मुंबईचा वरद. क्लायंटने मॅचची फुकट तिकिटं दिली. पहिल्या मॅचला चौथा डाव आला तरी स्वानंद अपूर्वला विचारत होता, की बॅटिंग नक्की कोण करतंय. वरद तर हॉट डॉगमध्ये काय असतं याची चौकशी करत तीनदा रांगेतून परत आला. पण निघताना प्रत्येकाला एक टोपी मिळाली, तीही फुकट. फुकट टोपी डोक्यावर चढली की मराठी माणसाइतका निष्ठावंत कुणी नाही.

पुढे स्वानंद ब्रॅकनेलला आला, वरद इल्फर्डला आणि सगळ्यात शेवटी, चार वर्षांपूर्वी, अपूर्वही ब्रॅकनेललाच आला. तिघांचा व्हॉट्सॲप ग्रुप होता, 'शेगडी'. अमेरिकेत हिवाळ्यात खेळ बंद असतो तेव्हा लोक म्हणे शेगडीभोवती बसून पुढच्या वर्षीच्या टीमच्या चकाट्या पिटतात, त्यावरून हे नाव.

खरी मजा अशी की गेल्या आठ वर्षांत तिघांपैकी एकानेही अख्खी मॅच पाहिलेली नव्हती. तिकडच्या मॅचेस इथल्या मध्यरात्री सुरू होतात आणि सकाळी साडेआठला ऑफिसची मीटिंग असते. त्यामुळे खेळ चालू असेपर्यंत ग्रुपवर सामसूम. नोव्हेंबरात खेळ संपला रे संपला की यांच्या अंगात यायचं. कुणाला विकायचं, कुणाच्या बदल्यात कुणाला आणायचं, कुणाला नारळ द्यायचा, नुसता उत्साह.

त्यातही स्वानंद म्हणजे मेरुमणी. ऑफिसात तो डिलिव्हरी मॅनेजर होता, पण स्वतःच्या टीमसाठी एक जादा मॉनिटर मागवायचा तरी त्याला तीन सह्या लागत. ग्रुपवर मात्र तो सकाळी चार माणसं काढायचा आणि दुपारपर्यंत दोन भरायचा. त्याच्याकडे एक्सेल होतं, ग्राफ होते, आणि एक लाडकं वाक्य होतं. "भावना बाजूला ठेवा."

नोव्हेंबरच्या शेवटी सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये त्याला अपूर्व भेटला. ट्रॉलीत दुधाचे कॅन, बटाटे आणि मुलीसाठी ख्रिसमसपर्यंत रोज एक चॉकलेट देणारं ॲडव्हेंट कॅलेंडर.

"गेला रे आमचा प्रोजेक्ट," अपूर्व म्हणाला. "अख्खी टीम कामावरून काढली."

याचा अर्थ या देशात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. व्हिसा कंपनीच्या नावावर. नोकरी गेली की होम ऑफिसचं, म्हणजे इथल्या गृहखात्याचं, पत्र येतं, आणि पत्र आलं की साठ दिवस. तेवढ्यात स्पॉन्सर करणारी दुसरी कंपनी शोधा, नाहीतर बायकोमुलीसकट चंबूगबाळं आवरा. अपूर्वला कायमची परवानगी मिळायला फक्त दहा महिने कमी होते. त्यात ख्रिसमस तोंडावर. त्या दिवसांत इथे कुणी कुणाला नोकरी देत नाही, फार तर ख्रिसमसचे मिन्स पाय खायला देतात.

"अरेरे! पण होईल रे काहीतरी," स्वानंद त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला. "तुझ्यासारख्याला काय कमी आहे?" मग गाडीत बसून, हीटर लावून, त्याने ग्रुपवर त्या पिचरच्या खांद्याबद्दल आणखी एक मेसेज टाकला.

आता हे ऐका. स्वानंदच्या स्वतःच्या टीममध्ये टेस्टिंग लीडची जागा ऑक्टोबरपासून रिकामी होती. कंपनी स्पॉन्सर करायला तयार होती. एचआरच्या मंजिरीने दोनदा विचारलं होतं, "तुझ्या ओळखीत कुणी आहे का?" आणि अपूर्व चौदा वर्षं नेमकं हेच काम करत आला होता.

"तू सांगितलंस का अपूर्वला?" शिल्पाने विचारलं.

"त्याने विचारलं तर सांगेन ना. आपण होऊन कसं सांगायचं? त्याला वाटायचं, उपकार करतोय."

"मग कर की उपकार. कुणी हात धरलाय तुझा?"

"मित्र हाताखाली नको गं. मैत्री बिघडते. तुला नाही कळायचं, प्रोफेशनल प्रश्न आहे."

हे झालं तोंडाने बोलायचं. पोटात दुसरंच होतं. ओहायोत एकदा रिलीजच्या आदल्या दिवशी स्वानंदने केलेली घोडचूक अपूर्वने हुडकून काढली होती आणि कुणाला पत्ता लागू न देता रातोरात निस्तरली होती. ही गोष्ट त्याने पुढे कधीही, कुठेही, थट्टेतसुद्धा काढली नाही. असा माणूस रोज शेजारच्या टेबलावर बसणार या विचारानेच स्वानंदला घाम फुटायचा. सरळ सांगायचं तर तो घाबरला होता, आणि भीतीला त्याने तत्त्वाचा कोट चढवला होता.

इकडे अपूर्वचीही तऱ्हा होती. मास्तरांच्या घरात वाढलेला माणूस, तोंड उघडून काही मागायचं म्हणजे त्याच्या जिवावर येई. लग्नात वाढप्याला दुसरी जिलबी न मागणाऱ्यांपैकी तो. शेवटी डिसेंबरच्या मध्यावर, एका सोमवारी भर दुपारी, ऑफिसांच्या जेवणाच्या सुटीत, त्याने ग्रुपवर लिहिलं:

"एक विचारू? समजा एक थर्ड बेसमन आहे. वय एक्केचाळीस. गुडघा जरा कुरकुरतो. चौदा वर्षं तिसऱ्या बेसवरून चेंडू सुटू दिलेला नाही, पण नाव कुठे छापून आलेलं नाही. त्याच्या क्लबने अख्खी फळीच मोडली म्हणून मोकळा झालाय. आपल्याकडे ती जागा रिकामी आहे असं ऐकतो. घ्यावं का त्याला?"

अपूर्वचा गुडघा गेल्या मे महिन्यात महाराष्ट्र मंडळाच्या बॅडमिंटनमध्ये कामातून गेला होता आणि त्याला हॉस्पिटलात घेऊन जाणारा स्वानंदच होता. शेंबड्या पोराला कळावं इतकं ते स्पष्ट होतं. वरदला कळलं. इल्फर्डला बसून त्याने दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, पुन्हा लिहिल्या आणि शेवटी "स्वानंद सांगेल" एवढं टाकून अंग काढून घेतलं.

स्वानंदने हातातलं सँडविच बाजूला ठेवलं. आपल्याला कुणी सल्ला विचारतंय याचाच त्याला इतका आनंद झाला होता की कोण विचारतंय आणि कशाला, हे बघायला त्याला सवड नव्हती. त्याने नऊ मुद्दे लिहिले. पहिलाच मुद्दा होता, "एक्केचाळीस?? हा क्लब आहे, वृद्धाश्रम नाही." दुसऱ्यात गुडघा आला: "आज कुरकुरतो म्हणजे मार्चपर्यंत बोंबलेल. मग फुकट पोसा." चौथा होता, "नाव छापून आलेलं नाही, यातच सगळं आलं." सातव्यात तो म्हणत होता, "ज्याला बाकी कुणी घेईना तो माल आपण का उचलायचा?" आणि शेवटी ते ठरलेलंच. "भावना बाजूला ठेवा. हात जोडा, शुभेच्छा द्या आणि पुढे चला." खाली एक ग्राफसुद्धा होता, वय वाढतं तसा खेळाडू कसा घसरतो त्याचा.

दहा मिनिटांनी अपूर्वचं उत्तर आलं. "थँक्स. क्लिअर आहे."

स्वानंद खूश. इतक्या वर्षांत त्याच्या विश्लेषणाला कुणी थँक्स म्हटलं नव्हतं. संध्याकाळी शिल्पाला वाचून दाखवायला गेला, तर ती कुणा बेघर झालेल्या कुटुंबासाठी फोनवर भांडत होती. तिने हातानेच त्याला वाटेला लावलं.

ख्रिसमस झाला. नवं वर्ष लागलं. टेस्टिंग लीडची जागा मंजिरीने एका एजन्सीकडून भरून टाकली, आणि स्वानंदला हलकं वाटलं. आता कुणी विचारलं तरी "अरे, परवाच भरली" म्हणता येणार होतं. अपूर्व ग्रुपवर अधूनमधून अंगठा दाखवायचा, बाकी काही नाही. त्याचं कुठवर आलंय हे विचारायचं स्वानंदच्या मनात येई, पण नेमकं तेव्हाच क्लब काहीतरी मूर्खपणा करून ठेवी.

जानेवारीत मंडळाच्या हळदीकुंकवाहून शिल्पा परत आली ती हसतच. "कस्तुरीला कॉव्हेंट्रीला हॉस्पिटलात फिजिओची नोकरी लागली. व्हिसा आता तिच्या नावावर. अपूर्व आणि ईरा डिपेंडंट. शेवटच्या शनिवारी जातायत."

स्वानंद थक्कच झाला. अपूर्वची बायको कस्तुरी नागपूरला फिजिओथेरपिस्ट होती हे तो साफ विसरला होता. इथे ती तीन वर्षं एका केअर होममध्ये मदतनीस होती, म्हाताऱ्यांना उठवत-बसवत होती आणि फिजिओ म्हणून इथल्या नोंदणीच्या मागे होती, हे तर त्याने कधी विचारलंच नव्हतं.

"पण कस्तुरी कुठे लिस्टमध्ये होती?" त्याच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाच्या लिस्टमध्ये?" शिल्पाने विचारलं.

शनिवारी तो मदतीला गेला. शिल्पाने थर्मासभर चहा आणि डबाभर मेथीचे पराठे दिले होते. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट अर्धा रिकामा झाला होता. दारातच त्यांची नऊ वर्षांची मुलगी ईरा उशी कवटाळून उभी होती. "काका, आमचा टीव्ही खाली गेला. आता सोफा जाणार," तिने माहिती पुरवली आणि पळाली. अपूर्व खाली व्हॅनमध्ये सामान लावत होता. कस्तुरी स्वयंपाकघरात खोक्यांना चिकटपट्टी मारत होती.

"काँग्रॅट्स कस्तुरी!" स्वानंद म्हणाला. "कमाल केलीस. कुणाच्या ध्यानीमनी नसताना एकदम."

"माझ्या ध्यानीमनी होतं," ती म्हणाली. "तीन वर्षं."

"हो, हो, अर्थात." त्याने थर्मास ओट्यावर ठेवला. "एकंदरीत छानच झालं म्हणायचं. सगळं सुटलं."

"सगळं कसं सुटलं? त्याची चार वर्षं दोन महिने पाण्यात गेले. पर्मनंटसाठी आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजणार. ईराची शाळा गेली." तिने एक खोकं बाजूला सरकवलं आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. "स्वानंद, तुझ्याकडे टेस्टिंगची जागा होती ना?"

"होती. म्हणजे, परवाच भरली. मी वाटच बघत होतो गं. त्याने एका शब्दाने विचारलं असतं ना..."

"विचारलं होतं. तू नऊ मुद्द्यांत उत्तर दिलंस."

स्वानंदला आधी काहीच कळलं नाही. मग वय कळलं. मग गुडघा. मग चौदा वर्षं. एकेक गोष्ट डोक्यात उतरत गेली तसे त्याचे कान तापत गेले.

"अगं, मला वाटलं तो प्लेयरबद्दल..."

"त्या गुडघ्याच्या एक्स-रेसाठी तू स्वतः चार तास त्याच्या शेजारी बसला होतास." तिचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "तीन दिवस घोकत होता तो मेसेज. मी म्हटलं, सरळ विचार. तर म्हणाला, सरळ विचारलं तर स्वानंदला नाही म्हणता येणार नाही. उगाच त्याची अडचण व्हायची."

एवढं बोलून तिने चिकटपट्टी दातांनी तोडली आणि पुढचं खोकं घेतलं.

स्वानंदला लाज वाटली. अशी वाटली की पराठ्यांचा डबा कुठे ठेवावा ते त्याला समजेना, तो हातातच राहिला. आपल्याला खरंच कळलं नव्हतं हे शपथेवर सांगावंसं वाटत होतं, आणि ते खरंही होतं. पण त्याच्याही खालचं एक खरं आता वर आलं होतं. कळलं असतं तरी त्याने नाहीच म्हटलं असतं. नऊ मुद्दे लिहिले नसते, दोन गोड ओळी लिहिल्या असत्या, एवढाच काय तो फरक.

जिन्यावर पावलं वाजली. गुडघ्याला पट्टा बांधलेला अपूर्व धापा टाकत वर आला. स्वानंदला बघून त्याचा चेहरा नेहमीसारखाच खुलला.

"आलास? बरं झालं. काय म्हणतोय क्लब? यंदा कोण येणार, कोण जाणार?"

कस्तुरीने मान वर केली नाही.

"मला त्यातलं काही कळत नाही रे," स्वानंद म्हणाला.

"ते आम्हाला माहितीये," अपूर्व म्हणाला. "डबा ठेव आणि टोक धर. सोफा जड आहे."