एक दुर्बीण आणि वीस आकडे

चार माणसं दहा-बारा वर्षं दर रविवारी एकत्र भटकली की किस्से साठतातच, त्यासाठी मुद्दाम काही करावं लागत नाही. कुणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसलो की म्हात्रे सुरू करतो, "सुध्या, ती दुर्बीण आठवते का रं?" आणि झालं! वाढपी दोनदा जिलबी विचारून निघून जातो, आमचं लक्षच नसतं. माझी अडचण एवढीच की यातल्या बऱ्याच किश्श्यांत गाढव मीच आहे. आणि एक किस्सा असा आहे की म्हात्रे त्याच्या जवळपास आला की मी हात धुवायला उठतो. आज तोही सांगून टाकतो. किती दिवस हात धुणार!

आधी माणसं सांगतो. दळवीकाका बदलापूरला हेंद्रेपाड्यात राहायचे. शाळेत आम्हाला ड्रॉइंग शिकवायचे, रिटायर झाल्यावर सरांचे काका झाले. रविवारी दिसलेला पक्षी सोमवारपर्यंत त्यांच्या वहीत रंगवून तयार. म्हात्रे आणि मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एकाच कारखान्यात, टूलरूममध्ये. म्हात्रेचं मूळ घर खाडीकाठचं, आजोबा मिठागरावर होते. चौथा गोपीशेठ. उल्हासनगरात कापडाचं दुकान, डायबेटिस झाला म्हणून डॉक्टरने चालायला सांगितलेलं. "खाली चलने में बोर होतं साईं," म्हणून आमच्यात आला. त्याला कावळा आणि कोकिळा यांतला फरक शेवटपर्यंत जमला नाही, पण तो एकही रविवार चुकला नाही.

*

दुर्बीण गोपीशेठने आणली. कुठून, ते त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. काळी, जड, चामड्याच्या डब्यातली, एकदम मिलिटरी दिसणारी. आम्ही तिघं हरखून गेलो.

मी डोळ्याला लावली तर डावीकडून सगळं लख्ख आणि उजवीकडून नुसतं धुकं! फिरवून बघितलं, पुसून बघितलं, टूलरूममध्ये नेऊन खोलूनही बघितलं. उजवी नळी काही केल्या सुधारेना.

गोपीशेठला म्हटलं, "अहो, ही एकाच डोळ्याने दिसते!"

तो शांतपणे म्हणाला, "साईं, पक्षी भी तो एकच आहे ना? दोन डोळे कशाला पाहिजे?"



*

वीस आकड्यांचा नियम माझ्यामुळे झाला. बारवी धरणाच्या बाजूला पहिल्यांदा गेलो तेव्हा मी दुर्बीण गळ्यात घातली ती दुपारी डबे उघडेपर्यंत काढलीच नाही. बाकीचे तिघे तळहाताची सावली करून बघत होते. म्हात्रेने भाकरी मोडता मोडता फर्मान काढलं, "आजपासून वीस आकडे! ज्याची पाळी पुढची, त्याने मोठ्यांदा मोजायचं. वीस झाले की दुर्बीण खाली. नाय तर हिला बारवीत बुडवतो आणि सुध्याला बी!"

मग कळलं की वीस-विसांतही फरक असतो. गोपीशेठ मोजायला लागला की ताग्यावरून कापड मोजल्यासारखा सटासट. पक्षी सापडायच्या आत वीस! म्हात्रे मध्येच तंबाखू मळायला थांबायचा आणि कुठवर आलो ते विसरायचा. आणि काका? काका अठरापर्यंत नीट यायचे, मग एकोणीस, मग "सव्वाएकोणीस... साडेएकोणीस..." बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बघत मोजायचे. तो खूश दिसला की वीस येतच नसत. काकांच्या विसात आमचे तीस बसायचे. म्हणून आपल्यानंतर काकांची पाळी यावी अशी आमच्यात चढाओढ असे. हे सांगतानाही लाज वाटते, पण होती.

*

एकदा उल्हास नदीच्या काठाने चाललो होतो. पूर ओसरून महिना झाला असेल. पलीकडच्या वाळक्या झाडावर मला गरुड दिसला. केवढा! तपकिरी, मान खाली घालून बसलेला. मी कुजबुजत सगळ्यांना खाली बसवलं. अर्धा तास पाळीपाळीने बघणं चाललं. "पंख हलवला!" मी. "शिकार धरलीय पायात," म्हात्रे. काकांची पाळी झाली, तेही म्हणाले, "हो हो, छान आहे."

डोक्यावर फाट्यांची मोळी घेतलेली एक ठाकरीण मागून आली, आमच्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, "काय बगतास रं? त्ये गोणपाट हाय. पुरात आडाकलाय."

आणि खरंच गोणपाट! बाई हसत हसत गेली, आम्ही चौघे माना खाली घालून चप्पल झटकत राहिलो. वाटेत मी काकांना म्हटलं, "काका, तुम्ही तरी ओळखायचंत! तुम्ही तर छान आहे म्हणालात."

काका म्हणाले, "अरे, मला तर झाडच सापडलं नव्हतं. तुम्ही एवढे आनंदात होतात, म्हटलं कशाला नाही म्हणा!"

तेव्हा आम्ही खो खो हसलो. ते वाक्य पुढे माझ्या मानेवर बसणार आहे हे तेव्हा कुठे माहीत होतं!

*

म्हात्रे पक्षी चवीवरून ओळखायचा. खरंच सांगतो! आम्ही पुस्तक उघडून पायाचा रंग, चोचीची लांबी असं डोकं खाजवत बसायचो आणि हा म्हणायचा, "ह्यो ना? आमची आजी याचं कालवण करायची. लय काटेरी लागतो." काका कानांवर हात ठेवायचे.

एकदा दोन चिखलपक्ष्यांवरून माझा आणि पुस्तकाचा वाद चालला होता. म्हात्रे एकच वाक्य बोलला, "सुध्या, तू म्हणतोस तो ह्यो नव्हं. त्याला मांसच नसतं." पुस्तकही तेच म्हणत होतं, फक्त जास्त सभ्य भाषेत.

पण याच म्हात्रेला एक दिवस काकांनी वही दाखवली. पानोपानी पक्षी, प्रत्येकाच्या डोळ्यात चमक. म्हात्रे ती शेवटपर्यंत चाळत गेला. "काका, यातले निम्मे मी खाल्लेत," एवढंच म्हणाला. त्यानंतर त्याने कालवणाचा विषय काढला नाही.

*

वहीत एक पान कोरं होतं. त्यावर नुसतं नाव लिहिलेलं: ऑयस्टरकॅचर. काळापांढरा, समुद्रावरचा, लांब लालभडक चोचीने कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, उघडून खाणारा. आमच्याकडच्या किनाऱ्यावर क्वचित येतो. काकांनी तरुणपणी तो एकदा उडताना पाहिला होता, पाठमोरा. "बसलेला बघायचाय," असं ते नेहमी म्हणायचे.

आणि म्हात्रेची अलिबागच्या पुढे दिलेली बहीण, तिचं पत्र आलं. लाल चोचीचा एक पक्षी आठ दिवस आमच्या खडकांवर कालवं फोडतोय, दादा, तुझे मित्र येडे आहेत, ते येतील तर बघ. पुढचा रविवार ठरला!

शनिवारी संध्याकाळी काका मला बदलापूर स्टेशनच्या पुलावर भेटले. कठड्याला धरून उभे होते. म्हणाले, "सुधीर, तुला एक सांगतो, दोघांतच ठेव. मला काचबिंदू झालाय. उजवा डोळा कधीच गेला. डावाही बारीक होत चाललाय. डॉक्टर म्हणतात वर्षभर, फार तर दीड."

मग हसून म्हणाले, "ती दुर्बीण माझ्यासाठीच बनवलीय बघ. तिचीही डावीच चालते! पण बाकीच्यांना सांगू नकोस. नाही तर सगळे दुर्बीण मलाच देत बसतील, मग मजा काय राहिली? उद्या तो दिसला की माझ्या पाळीचे वीस मिळाले म्हणजे झालं."

मी म्हटलं, "काका, वीस काय, चाळीस घ्या." हे मीच म्हटलं होतं.

*

पनवेलला एस.टी. बदलून पोचलो तेव्हा ओहोटी लागलेली. गोपीशेठ पांढरा सफारी आणि नवे कोरे बूट घालून आलेला! "समुद्र पे जा रहे हैं, थोडा तो स्टँडर्ड पाहिजे." पन्नास पावलांवर चिखलात गुडघ्यापर्यंत रुतला. म्हात्रे ओढतोय, गोपीशेठ ओरडतोय, "बूट! मेरा बूट!" म्हात्रे म्हणाला, "शेठ, आधी काय काढू ते ठरव, तुला का बुटाला?" शेवटी शेठ निघाला, डावा बूट राहिला. गोपीशेठ काठावर जाऊन पाय धूत बसला.

आम्ही तिघे खडकांच्या कडेने पुढे सरकलो. आणि म्हात्रेने हात वर केला. दूर, कालवांनी भरलेल्या खडकावर एक काळापांढरा ठिपका. नुसत्या डोळ्यांनीसुद्धा लाल रेघ दिसत होती, म्हणजे मला दिसत होती.

म्हात्रे म्हणाला, "तुम्ही बघा, मी लहानपणापासून बघतोय." दुर्बीण माझ्या गळ्यात होती. काका माझ्या मागे. त्या क्षणी गळ्यातून काढून त्यांच्या हातात द्यायची, एवढंच करायचं होतं. मला ते सुचलंही. पण म्हटलं, वीसच तर आकडे आहेत.

काका मोजायला लागले. मी बघत होतो आणि बोलत होतो. "काका, काळा कोट, पांढरं पोट! चोच गाजरासारखी लाल! पाय गुलाबी! आता एका पायावर उभा राहिला!" मागून आवाज येत होता, अठरा, एकोणीस, सव्वाएकोणीस, साडेएकोणीस. आणि मग मी स्पष्ट ऐकलं, "वीस."

"एक मिनिट काका, कालव फोडतोय!"

"सुध्या, वीस झाले रं!" म्हात्रे.

"देतो रे, देतो!"

त्याने कालव फोडलं, खाल्लं, चोच खडकाला पुसली आणि उडाला. सरळ समुद्राकडे. मी पट्टा गळ्यातून काढेपर्यंत तो लाटांवर बारीक झाला होता.

मी दुर्बीण काकांच्या हातात दिली. त्यांनी डोळ्याला लावली, खडकाकडे वळवली. आणि मी मोजायला लागलो! रिकाम्या खडकावर! काय करावं कळेना म्हणून मोजत सुटलो. बारावर असताना काका म्हणाले, "हां! दिसला! वा, काय सुंदर आहे रे!"

म्हात्रेने माझ्याकडे पाहिलं. कारखान्यात दहा वर्षं शेजारी काम केलं, पण असं त्याने कधी पाहिलं नव्हतं. मला त्या चिखलात गोपीशेठच्या बुटाच्या जागी जावंसं वाटलं.

भरती येईपर्यंत बसलो. पक्षी परत आला नाही. एस.टी.त गोपीशेठ एक बूट मांडीवर घेऊन सगळा रस्ता बडबडत होता.

*

पुढच्या रविवारी काकांनी वही उघडली. कोरं पान भरलं होतं. काळा कोट, पांढरं पोट, गाजरासारखी चोच, गुलाबी पाय, आणि पक्षी एका पायावर उभा. सगळं मी सांगितलं तसं. फक्त डोळा पांढराच सोडला होता.

काका म्हणाले, "सुधीर, डोळ्याचा रंग काय होता रे? विसरलोच."

मी म्हटलं, "लाल."

त्यांनी माझ्यासमोर ब्रश बुडवला आणि लाल ठिपका दिला.

*

पुढे बरीच वर्षं गेली. काकांना दिसेनासं झालं, रविवार थांबले, दुर्बीण त्यांच्याकडेच खुंटीला राहिली. मी हेंद्रेपाड्यात जायचो, इकडचं तिकडचं बोलून यायचो. एकदा मात्र चहा हातात आला आणि माझ्याने राहवेना.

"काका, अलिबागला वीस झाल्यावर मी दुर्बीण सोडली नाही. तुम्हाला पक्षी दिसला नाही. मला माहितीये. तुमचा डोळा जाणार हे एकट्या मला माहीत होतं, तरी सोडली नाही."

काकांनी बशी चाचपून खाली ठेवली. "वीस कोण म्हणालं?"

"तुम्हीच. म्हात्रेनेही ऐकलं."

"म्हात्रे काहीही ऐकतो," काका म्हणाले. "ती खुंटीवरची दुर्बीण घे. खिडकीत जा. बाहेर तारेवर काहीतरी बोलतंय मघापासून, काय आहे सांग. मी मोजतो."

मी खिडकीत गेलो. तारेवर खंड्या बसला होता. निळी पाठ, तपकिरी डोकं, चोच लाल. मी एकेक सांगत गेलो, मागे काका मोजत होते. सतरा, अठरा, एकोणीस.

मग थांबले. खंड्या उडाला, चहा निवला, मी दुर्बीण धरून तसाच उभा होतो. वीस काही त्यांनी म्हटलं नाही.