किराळीचं रान

मी गंगाकाठची म्हटलं की लोकांचे डोळे लकाकतात. "मग तुमच्याकडं पाण्याला काय तोटा!" कसलं डोंबल्याचं पाणी! पालमच्या बाजूला आमची गंगा, म्हणजे गोदावरी, वाईट सालाला मार्गशीर्षातच वाळूत जिरायची. उरायची ती डबकी, आणि त्यांत बसलेल्या म्हशी. काठावरच्या काळ्या रानाला अशा भेगा पडायच्या की मेंढीचा पाय अडकून मोडावा. गवत आधी पिवळं, मग पांढरं, मग नाहीच. बाभळीला तेवढा पाला राहायचा, तोही काट्यांतून ओरबाडून घ्यावा लागायचा.

निजामाचं राज्य जाऊन दोन-चार वर्षं झाली असतील. राज्य बदललं, ऊन काही बदललं नाही. त्या साली भादव्यापासूनच पावसानं तोंड फिरवलं होतं. मी सासरहून माहेरी आले होते, आणि माहेर म्हणजे तरी काय? जाळीचं कुंपण, दगडांची चूल आणि मेंढरं. माझा बाप कळप घेऊन शिवारोशिवार फिरायचा. ज्याला रानात खत पाहिजे तो शेतकरी मेंढरं रात्रभर बसवून घ्यायचा आणि बदल्यात ज्वारी द्यायचा. त्या कळपावरच आमचं पोट होतं, दुसरं काही नव्हतं. आणि कळप उपाशी होता. मेंढरांच्या बरगड्या हाताला लागायच्या. बाप रोज संध्याकाळी एकेकीच्या पाठीवरून हात फिरवायचा.

मग एक अवकाळी सर आली. आम्ही उतरलो होतो त्या रानातली ज्वारी कापून झाली होती. उरलेल्या धसकटांना आठवड्यात हिरवे फुटवे आले. चहूकडं सगळं करपलेलं आणि मधे हे हिरवं. मेंढरं तिकडं तोंड करून ओरडायची. पण असल्या फुटव्यात किराळ असते, म्हणजे विष. आमच्यातल्या पोराटोरालाही ते ठाऊक. कधी असते, कधी नसते. ते कळायला आमच्यात एकच रीत होती. आधी एक मेंढी चारून बघायची. ती टिकली तर कळप सोडायचा.

बापानं म्हातारी मेंढी निवडली. दात पडलेली, विणं थांबलेली. ती पिल्लू असताना तिची आई मेली, तेव्हा मायनं तिला बोटानं शेळीचं दूध चाटवून जगवलं होतं.

"अवं, हिलाच कशाला?" माय म्हणाली. "माझ्या मागं मागं फिरती ती."

"मग कोणती देऊ? गाभण देऊ?" बाप चिडला. "तूच सांग."

मायनं काय सांगावं? तोंडात पदर कोंबून ती रडली. मला तर बापाचा असा राग आला की विचारू नका.

सावलीत बसून लक्ष ठेवता यावं म्हणून बापानं बांधाला, बाभळीखाली खुंटी ठोकली. म्हातारीनं भोवतालचा फुटवा चवीनं खाल्ला. आम्ही तिघं तिच्या तोंडाकडं बघत बसलो. फेस नाही, पोट फुगलं नाही. ऊन डोक्यावर आलं तरी ती आपली रवंथ करत उभी.

"काईच न्हाई झालं गं हिला!" म्हणत माय तिच्या गळ्यात पडली. बाप हसला. किती दिवसांनी हसला तो! "आता खाऊ द्या समद्यांला पोटभर," म्हणाला आणि त्यानं कळप सोडला.

मेंढरं थेट मधल्या रानात घुसली. थोड्याच वेळात एक पडली. मग तिच्याशेजारची. पाय झाडत, तोंडाला फेस. "किराळ! किराळ लागली!" बाप ओरडत सुटला. काठीनं हाणून त्यांना बाहेर काढायला बघत होता, पण उपाशी जनावर हिरव्यातून तोंड काढतंय होय! रानाचा मालक घरातला गूळ घेऊन धावत आला. आम्ही गुळाचं पाणी त्यांच्या तोंडात ओतत होतो. एकीला पाजेपर्यंत दुसरी जायची. हात कोपरापर्यंत चिकट झाले. दिवस कलला तोवर सगळा कळप आडवा झाला होता.

"बांधाला सावली हाय, ओल हाय," मालक कपाळाला हात लावून म्हणाला. "तिथला फुटवा जोमात वाढलाय. मधला बघा, वीतभर बी न्हाई, पाण्यावाचून सुकायलाय. इख त्या सुकल्यालात असतंय."

बापाला हे ठाऊक नव्हतं असं नाही. सावलीत खुंटी ठोकताना सुचलं नाही, एवढंच.

म्हातारी तेवढी उरली, खुंटीला बांधलेली होती म्हणून. माय तिच्यापुढं जाऊन बसली. "तुझ्यासाठी रडून घेतलं गं मी सकाळी," म्हणाली. "आता ह्यांच्यासाठी कुठून आणू?" खरंच तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं.

बाप अंधार पडायच्या आत उठला आणि रोजच्यासारखी जाळी लावायला लागला. खुंट्या तेवढ्याच, घेर तेवढाच, सगळ्या कळपाचा.

"बा, आता एवढी कशाला?" मी म्हटलं.

त्यानं ऐकलं नाही. शेवटची खुंटी ठोकून झाली तसं त्यानं म्हातारीला सोडून आणलं, आत घातलं आणि जाळीचं तोंड नीट बांधून घेतलं.